‘आमेन’ टाकलं, झालं?



पहाटे पाचला मंडळीच्या ग्रुपवर पहिलं वचन येतं. सहापर्यंत गुलाबाची फुलं, सूर्योदय, मेणबत्त्या आणि पंचवीस-तीस ‘आमेन’. वचन वाईट कसं असेल? पण पाठवणाऱ्याने ते वाचलं का, आणि आमेन म्हणणाऱ्याने तरी उघडून पाहिलं का?

मोबाईलला नावं ठेवायला हे पत्र नाही. 2020 साली चर्चची दारं बंद होती तेव्हा याच फोनवर आपण उपासना ऐकली. परगावची पोरं घरच्या प्रार्थनेत सामील झाली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना आजही त्याचाच आधार आहे. तक्रार एवढीच, की निरोप पोचवणं आणि बोलणं यांतला फरकच आपण विसरत चाललोय.

आमच्या ग्रुपवर कॉलेजातल्या एका मुलाने विचारलं, ‘एवढी प्रार्थना करूनही आई का गेली?’ उत्तरादाखल तीन वचनं, एका गीताचा व्हिडिओ आणि जोडलेल्या हातांची चित्रं आली. मग एका वडीलधाऱ्यांनी ‘असे प्रश्न इथे नकोत’ असं लिहिलं. विषय संपला. अहो, त्या मुलाला वचनं ठाऊक नव्हती असं थोडंच आहे! त्याच्याशेजारी बसून ‘बाळा, मलाही कळत नाही, पण तू बोल’ म्हणणारं माणूस हवं होतं. तो आजही ग्रुपवर आहे, रविवारी चर्चमध्ये मात्र दिसत नाही.

आपला प्रभू प्रश्नांना कधी घाबरला? निकदेम रात्री आला, त्याला रात्री वेळ दिला. शोमरोनी बाईशी तो भर दुपारी विहिरीवर बोलला, तेही तिच्याकडे पाणी मागून. अम्माऊसच्या वाटेवर त्याने दोघांचं दुःख आधी ऐकून घेतलं, शास्त्र नंतर उलगडलं. आपण नेमकं उलटं करतो.

आपली मराठी ख्रिस्ती परंपराही बोलण्यातूनच वाढली. फादर स्टीफन्सचं 1616 मधलं ख्रिस्तपुराण गोव्यातल्या श्रोत्यांचे प्रश्न घेत पुढे जातं. रेव्हरंड टिळकांच्या आयुष्याला वळण मिळालं ते रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाशी झालेल्या संभाषणातून. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावरच, त्या वाटेने गेल्या. अलीकडे पोप फ्रान्सिस यांनीही 2022 च्या जागतिक संपर्क दिनासाठी विषय निवडला तो ऐकण्याचा.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. ग्रुप सूचनांपुरता ठेवावा : उपासनेची वेळ, मयत, रक्ताची गरज. कुणाकडे दुःख झालं, तर ‘आरआयपी’ लिहिणाऱ्यांपैकी दोघांनी तरी त्या आठवड्यात त्या घरी जाऊन बसावं. आणि महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास तरुणांसाठी राखावा. त्यांनी हवं ते विचारावं, पाळकसाहेबांनी नि वडीलधाऱ्यांनी आधी ऐकावं. उत्तर नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणावं. त्याने विश्वास डळमळत नाही. प्रश्न गिळून गप्प बसलेली पोरं मात्र हळूहळू दूर जातात.

कुठल्या मंडळीत असं काही आधीच चालत असेल, तर या पानावर जरूर लिहावं. इतरांनाही उमेद येईल.

– एक वाचक, बेळगाव