दूध मोठं की पाणी?

दूध पाण्यापेक्षा मोठं असतं का? लाल रंग पिवळ्यापेक्षा जड असतो का? आपल्याला कुणी असं विचारलं तर आपण म्हणू, बरं आहे ना तुला! पण मार्टिन ह्यूज आणि रॉबर्ट ग्रीव्ह या मानसशास्त्रज्ञांनी पाच आणि सात वर्षांच्या मुलांना असलेच प्रश्न विचारले होते. त्यांचा हा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलांनी चक्क उत्तरं दिली. मोठं माणूस विचारतंय म्हणजे त्यात काहीतरी अर्थ असणारच, नाही का?

हे आठवलं ते आमच्या भाचेबुवांमुळे. वय वर्षं आठ. सोसायटीच्या हॉलमध्ये एका कंपनीची माणसं नवीन बिस्किटाची चव मुलांना विचारायला आली होती. ताईने फॉर्मवर सही केली, स्वारी जाऊन आली. बिस्किटाला त्याने सगळ्यात मोठ्ठं हसणारं तोंड दिलं. घरी येऊन म्हणतो, "मावशी, कसलं कडू होतं ते!" मग हसरं तोंड कशाला दिलंस? "त्या ताई किती छान बोलत होत्या ना!"

गंमत म्हणजे हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांच्या या मोजपट्टीवर लहान मुलं सर्रास सगळ्यात हसरा चेहरा निवडतात, हे या क्षेत्रातल्या लोकांना चांगलं माहीत आहे. त्यापेक्षा बशीत किती बिस्किटं उरली ते मोजावं.

पण बिस्किटाचं एक वेळ सोडा. त्याला पुढे विचारलं, आई नाही म्हणाली तर तू कुणाकडे हट्ट करतोस? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, आजोबांकडे. (अप्पा, तुम्ही आता कुठल्यातरी एक्सेल शीटमध्ये आहात बरं का!)

माझा आक्षेप इथे आहे. मुलांना विचारूच नये असं मी म्हणत नाही. दप्तराचा पट्टा खांद्याला काचतो का, टूथब्रश हातात नीट बसतो का, हे त्यांनाच विचारायला हवं. पण घरात कोण कधी विरघळतं ही माहिती वस्तू सुधारायला लागत नाही. ती लागते हट्ट नेमका कुठे लावायचा हे ठरवायला.

ताई म्हणते, "अगं, सही घेतली होती की." घेतली होती, पण चव बघण्यासाठी! आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो, मुलांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातींना मनाई करतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. चांगलंच आहे. (कॅनडातल्या क्युबेक प्रांताने तर तेरा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या व्यापारी जाहिराती १९८० पासूनच बंद केल्यात.) पण सही आईची आणि उत्तरं मुलाची, ही फट कायद्याने कशी बुजणार?

म्हणून माझं आपलं साधं मागणं आहे. सहीच्या आधी सगळे प्रश्न छापून हातात द्या. आणि मुलाला सुरुवातीलाच सांगा, की "माहीत नाही" आणि "सांगणार नाही" हीसुद्धा उत्तरं आहेत, खाऊ तरीही मिळेल.

तुमच्या मुलांसाठी असा फॉर्म आला असेल, तर त्यात प्रश्न दिले होते का, ते जरूर कळवा.