चकाचक तलवारी, बोथट गोष्ट

माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा आहे. इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे रात्रभर जागतो आणि दिवसभर जांभया देतो. गेल्या शुक्रवारी तो आमच्याकडे राहायला आला आणि शूज काढता काढताच विचारता झाला, ''ताई, तू 'डीमन स्लेअर'चा तिसरा सीझन अजून बघितला नाहीस? काय करतेस काय तू आयुष्यात?''

काय करते? नोकरी करते, बाबा! सोमवारी क्लायंटसमोर प्रेझेंटेशन होतं आणि माझ्या तेवीस स्लाइड्स तयार व्हायच्या होत्या. पण पहिला सीझन बघताना मी रुमाल भिजवला होता, त्या जुन्या प्रेमाखातर म्हटलं, चल, लाव.

तर मंडळी, 'स्वोर्डस्मिथ व्हिलेज' हा सीझन एप्रिल ते जून २०२३ मध्ये आला. भाग फक्त ११. स्टुडिओ अर्थातच युफोटेबल. पहिल्याच भागात तो उलटासुलटा इन्फिनिटी कॅसल येतो. जिने छताला लटकलेले, खोल्या आडव्यातिडव्या, आणि कॅमेरा त्यातून असा भिरभिरतो की माझ्या हातातली मॅगी गार झाली. हातानं काढलेली पात्रं आणि कॉम्प्युटरवर उभं केलेलं थ्रीडी जग, यांचा सांधा कुठे आहे ते शोधून सापडत नाही. तांजिरोच्या तलवारीतून उसळणारं पाणी तर जपानच्या जुन्या लाकडी ठशांच्या चित्रांतून उचलल्यासारखं. एकदम खल्लास!

गोष्टीची सुरुवातही झकास आहे. तांजिरोला नवी तलवार हवी म्हणून तो लोहारांच्या गुप्त गावात जातो. तिथे सगळे कारागीर मुखवटे घालून हिंडतात. सरावासाठी एक यांत्रिक बाहुली आहे, तिला सहा हात. का? तर ज्या तलवारबाजावरून ती बनवली तो इतका चपळ होता की त्याची नक्कल करायला दोन हात पुरेनात! अशा एका तपशिलावर मी अख्खा सीझन बघायला तयार असते.

आणि मग मारामारी सुरू होते. ती संपतच नाही. हान्तेंगू नावाच्या राक्षसाचं मुंडकं उडवलं की तो मरत नाही, त्याचे दोन होतात, मग चार. राग, मजा, आनंद, दुःख अशी एकेक भावना म्हणजे एकेक राक्षस. कल्पना भन्नाट, पण पुढे फक्त विजा, वारा, किंकाळ्या, परत विजा. कोण कुठे उभं आहे आणि कुणाला काय हवंय, तेच कळेनासं होतं. मधेच कुणी मरायला टेकलं की त्याचं बालपण सुरू. मित्सुरीला स्थळानं केसांच्या रंगावरून आणि ताकदीवरून नाकारलं होतं, ही खरंतर किती आपल्या घरातली गोष्ट! पण ती सांगितली जाते कधी? ती बेशुद्ध पडल्यावर. एकदा माणूस आवडला की त्याच्या जिवाची काळजी वाटते ना? इथे आधी जीव धोक्यात, ओळख नंतर.

रविवारी दुपारी मी हे बोलून दाखवलं. बंधुराज भडकले. ''ताई, तू बघ ना नुसतं! एकेका फ्रेममागे किती मेहनत आहे!''

''अरे, पहिल्या सीझनचा एकोणिसावा भाग आठव,'' मी म्हटलं. ''तिथेही आग होती, पाणी होतं. पण कोळ्याच्या त्या राक्षसानं धाकदपटशानं खोटं कुटुंब बनवलेलं, आणि समोर खरे भाऊ-बहीण. त्या मारामारीतच गोष्ट होती.'' तो गप्प बसला. मग म्हणाला, ''शेवटचा भाग बघ, मग बोल.''

बघितला. पहाट होते. उन्हात राक्षस जळतात आणि तांजिरोची बहीण नेझुको राक्षसच आहे. तिला सावलीत न्यावं, की गावकऱ्यांवर धावून जाणाऱ्या हान्तेंगूच्या मागे पळावं? तांजिरोचा पाय उचलत नाही. तेव्हा नेझुकोच त्याला लाथ मारून पुढे ढकलते आणि मागे हसत जळत राहते. तिथे ना वीज, ना वादळ. एक भाऊ, एक बहीण आणि ऊन. (नंतर काय होतं ते सांगत नाही, मावसभाऊ मला मारेल.) माझ्या घशात आवंढा आला. शेजारी बघितलं तर साहेब चष्मा पुसत होते. दोन दिवसांच्या आतषबाजीत आमच्या घरात कुणी डोळे पुसले नव्हते.

रात्री लॅपटॉप उघडला. माझ्या तेवीस स्लाइड्स काय सुंदर दिसत होत्या! आलेख वर उडी मारत येत होते, अक्षरं फिरत फिरत बसत होती. शुक्रवारी मीच त्यांच्यावर खूश होते. आता एकच प्रश्न पडला, क्लायंटनं काय सोडायचं आणि त्या बदल्यात काय मिळवायचं, हे यात कुठे आहे? ते होतं एकविसाव्या स्लाइडवर. बारीक अक्षरांत.

रात्री एकपर्यंत बसून चौदा स्लाइड्स उडवल्या. एकविसावी पहिली केली. सोमवारी क्लायंटनं दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न विचारला, मग तिसरा, आणि एकदाही मोबाइल बघितला नाही. काम मिळालं की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल.

तर, बघावा का हा सीझन? जरूर बघा, मोठ्या स्क्रीनवर बघा. 'डीमन स्लेअर'ची गाडी पुढेही गेलीय, २०२४ मध्ये चौथा सीझन आला आणि २०२५ मध्ये 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा आपल्याकडच्या थिएटरांतही लागला. फक्त एक करा. शेवटच्या भागातली ती पहाट बघताना आवाज थोडा कमी ठेवा आणि शेजारी भाऊ-बहीण असेल तर त्याच्याकडे बघू नका. दोघांचीही पंचाईत होते.