गेमचं मशीन किती वर्षं चालावं?



दिवाळीच्या सुट्टीनंतर चौथीतला एक मुलगा मला म्हणाला, "सर, मामाचा गेम जुना झाला म्हणते मामा. आता नवा निघाला ना." मामा नागपूरला असतो, गेम म्हणजे प्लेस्टेशन ५. इटियाडोह धरणाजवळच्या आमच्या गावात तसला एकही नाही. ज्याला पोरानं सुट्टीत दोन-चारदाच हात लावला, ते मशीन त्याच्या मनात जुनंही झालं!

जरा सनावळी बघा. प्लेस्टेशन ४ आलं २०१३ मध्ये, त्याचं 'प्रो' २०१६ मध्ये, प्लेस्टेशन ५ २०२० मध्ये आणि त्याचंही 'प्रो' २०२४ मध्ये. म्हणजे दर तीन-चार वर्षांनी आधीचं मशीन घेतलेल्याला हळहळ. (२०२४ चं प्रो तर तेव्हा भारतात आलंच नाही. त्यातल्या वाय-फायच्या लहरींना आपल्याकडे तेव्हा परवानगी नव्हती.) आणि जुनं मशीन स्वस्त होईल म्हणाल, तर तेही नाही. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे ४९,९९० रुपयांना आलं आणि २०२२ च्या शेवटी ५४,९९० चं झालं. धान विकून घर चालवणाऱ्या बापानं हा आकडा कुठे बसवायचा?

आता आमच्या लहानपणचं आठवा. टीव्हीला जोडायचा तो कॅसेटवाला गेम. कॅसेट चालेना की फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची! ती बहुतेक मशिनं जपानच्या निन्टेन्डोच्या १९८३ मधल्या फॅमिकॉमची नक्कल होती. मूळ मशीन कंपनीनं २००३ पर्यंत बनवलं, चांगली वीस वर्षं. पहिला सुपर मारिओ १९८५ चा, तिसरा १९८८ चा. दोन्ही खेळून बघितले तर तिसरा कितीतरी मोठा आणि देखणा वाटतो, पण मशीन तेच. जादा चिप लागली ती कॅसेटमध्ये घातली. गिऱ्हाइकाला नवा डबा घ्यायला लावला नाही.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते प्लेस्टेशन २ चं उदाहरण. मशीन २००० चं. त्यावर 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात बनलेला गेम आला २००९ मध्ये. त्याच सुमारास 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी होती, विटी-दांडू होता. मशीन नऊ वर्षं टिकलं, आपल्या घरांत पोचलं, आपल्या कारागिरांच्या हाताला सरावलं, म्हणून विटी-दांडूला त्यात जागा मिळाली. चौथ्या वर्षी ते मोडीत काढलं असतं तर?

नवं मशीन कधी येऊच नये, असं मी म्हणत नाही. प्लेस्टेशन ४ वर गेम उघडायला जी वाट पाहावी लागायची, ती ५ वर खरंच पुष्कळ कमी झाली. तो बदल कामाचा. पण मधलं 'प्रो' कशाला? चित्र थोडं आणखी स्वच्छ दिसावं म्हणून? माझ्या मते एक मशीन निदान आठ-दहा वर्षं चालावं आणि मधे सुधारणा करायच्या त्या गेममध्ये कराव्यात.

पालकहो, पोरगं "जुना झाला" म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: त्यातला कोणता गेम तू शेवटपर्यंत खेळलास? मी आमच्या विद्यार्थ्याला विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "एकबी नाही सर. पण मामा विकणार असल तर बाबाले विचारतो."