शस्त्रक्रियांची संख्या आणि मुलांचे बोल

आरोग्य शिबिरांचे वृत्तान्त बहुधा एकाच साच्यातले असतात. इतक्या रुग्णांची तपासणी, त्यांतील इतक्या बालकांवर मोफत शस्त्रक्रिया, मान्यवरांची उपस्थिती आणि सोबत दोन छायाचित्रे. एकात दुभंगलेल्या ओठाचे तान्हे मूल, दुसऱ्यात तेच मूल, ओठ सांधलेला. वाचणाऱ्याचे मन भरून येते आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र तेच मूल पाच वर्षांचे झाल्यावर कसे बोलते, हे या वृत्तान्तांतून क्वचितच समजते. बहुतेक वेळा ते कोणी विचारलेलेच नसते.

साधारणतः सातशे ते हजार जन्मांमागे एक बालक दुभंगलेला ओठ वा टाळू घेऊन जन्माला येते. ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने विळी हाती धरली म्हणून असे झाले, हा समज केवळ चंदगड-गगनबावड्याच्या वाड्यावस्त्यांवर आढळतो असे नाही, शहरातील सुशिक्षित घरांतही तो आहे. साऱ्याचा दोष आईच्या माथी! ग्रहणाचा या व्यंगाशी काडीचाही संबंध नाही, हे कार्यकर्त्यांनी घरोघरी निःसंकोचपणे सांगितले पाहिजे.

ओठाची शस्त्रक्रिया तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात होते, टाळूची सर्वसाधारणपणे नवव्या ते अठराव्या महिन्यात. ओठाचे यश डोळ्यांना दिसते. टाळूचे यश कानांनी ऐकावे लागते. टाळूचा मागचा मऊ भाग बोलताना नीट उचलला गेला नाही, तर हवा नाकावाटे निसटते. अशा मुलाला 'म', 'न' सहज उच्चारता येतात, पण 'प', 'ब', 'ट', 'क' उमटत नाहीत. 'बाबा' म्हणू पाहणाऱ्या मुलाच्या तोंडून 'मामा' असे काहीसे बाहेर पडते. घरच्यांना ते कळते, पण वर्गातली मुले नक्कल करतात आणि मूल हळूहळू बोलणेच टाकते. काहींच्या टाळूला छिद्र उरते, काहींना आठव्या ते अकराव्या वर्षाच्या सुमारास हिरडीत हाडाचे रोपण करावे लागते. जबड्याची वाढ तर सतरा-अठरा वर्षांपर्यंत चालते. वास्तविक पाहता, 'शस्त्रक्रिया यशस्वी झाली' हे वाक्य शस्त्रक्रियेच्या दिवशी लिहिताच येत नाही.

मोजमापाचे वावडे कोल्हापूरला मुळीच नाही. गावोगावच्या दूध संस्थांत रोज सकाळी उत्पादकाच्या दुधाचा फॅट काढला जातो आणि त्यावर दर ठरतो. साखर कारखान्यांचा उतारा दशांश चिन्हापुढच्या आकड्यापर्यंत सांगितला जातो आणि त्यावर चावडीवर वाद रंगतात. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात जमणाऱ्या शौकिनांना निकाली कुस्तीच हवी असते. बरोबरीत सुटलेली कुस्ती त्यांना रुचत नाही. दुधाला आणि उसाला जो न्याय, तो टाके पडलेल्या लेकराला मात्र नाही.

मोजले नाही तर काय घडते, याचा इतिहास इंग्लंडमध्ये नोंदला गेला आहे. ब्रिस्टल येथील रुग्णालयात जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक होत असल्याचे तेथील भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांच्या लक्षात आले आणि त्यांनी आकडे गोळा करावयास आरंभ केला. सहकाऱ्यांना ते रुचले नाही. अखेर बोल्सिन यांना ऑस्ट्रेलियात जाऊन स्थिरावावे लागले. पुढे इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेहून अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. ते शल्यविशारद दुष्ट नव्हते. आपले निकाल इतरांच्या तुलनेत कसे आहेत, हे पाहण्याची व्यवस्थाच नव्हती. आज ब्रिटनमध्ये बालहृदय शस्त्रक्रियांचे केंद्रनिहाय निकाल जाहीर केले जातात.

दुभंगलेल्या टाळूबाबतही तेथे असेच घडले. पाच आणि बारा वर्षांच्या मुलांची प्रत्यक्ष तपासणी करून १९९८ साली एका समितीने दाखवून दिले की, देशभरातील ५७ केंद्रांत काम विखुरले आहे आणि निकाल समाधानकारक नाहीत. त्यानंतर मोजक्या केंद्रांत हे काम एकवटण्यात आले. ओठ शिवणारा हात, उच्चार शिकवणारा तज्ज्ञ आणि दंतवैद्य एका छपराखाली आले.

आतड्यांच्या व अन्ननलिकेच्या जन्मजात दोषांचे चित्र अधिक गंभीर आहे. ७४ देशांतील २६४ रुग्णालयांचा अभ्यास २०२१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अशा दोषांनी होणारे मृत्यू श्रीमंत देशांत ५.६ टक्के, तर भारत ज्या गटात मोडतो त्या मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०.४ टक्के आढळले. हा फरक केवळ यंत्रसामग्रीचा नाही. बालक किती उशिरा पोहोचले, वाटेत गारठले का, शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला का, हे नोंदल्याशिवाय उणीव कोठे आहे ते समजणार कसे?

मोजमापाला डॉक्टरांचा विरोध असतो आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. निव्वळ मृत्यूंचे आकडे टांगले, तर अवघड बालक घेण्यास कोणी धजावणार नाही. दीड किलो वजनाचे मूल आणि तीन किलोचे मूल एकाच तागडीत घालता येत नाही. म्हणूनच जगभर जोखीम लक्षात घेऊन निकालांची तुलना करण्याच्या पद्धती विकसित झाल्या आहेत. शिक्षेसाठी नव्हे, शिकण्यासाठी मोजावयाचे, हे आधी ठरले पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, गरीब पालक पुन्हा येतच नाहीत. येतील कसे? शाहूवाडी वा आजऱ्याच्या डोंगराळ वस्तीवरून कोल्हापूरला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे. परंतु मुलापर्यंत पोहोचणारी यंत्रणा आज अस्तित्वात आहे. २०१३ साली पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासतात. व्यंग शोधून पुढे पाठविणे हे त्यांचे काम. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे बोलणे ऐकून त्याची नोंद रुग्णालयाला परत पाठविणे, एवढी भर त्यात पडली तर पाच वर्षांत जिल्ह्याचा स्वतःचा लेखाजोखा तयार होईल. २०१३ च्या अखेरीस राज्यभर लागू झालेल्या जीवनदायी योजनेत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा सेवांचीही तरतूद होती. म्हणजे पाठपुराव्याचे महत्त्व शासनाला ठाऊक नाही असे नव्हे.

परदेशी देणग्यांतून देशात हजारो मोफत शस्त्रक्रिया झाल्या, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण दूरच्या देणगीदाराला छायाचित्र पुरते, शेजारच्या समाजाला ते पुरता कामा नये. सेवाभावी संस्थांनी, आणि त्यात हिंदुत्वाच्या प्रेरणेने चालणारी सेवाकार्येही आली, आपल्या वार्षिक अहवालातील 'लाभार्थी' हा रकाना एकदा तपासून पाहावा. सुश्रुताचे नाव व्यासपीठावरून घेताना एक गोष्ट विसरली जाते. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याकडील एका वैद्याने कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा घडविल्याचा वृत्तान्त छापून आला. त्यासोबत चित्रकार जेम्स वेल्स यांनी काढलेले, जखम भरून आल्यानंतरचे कावसजीचे चित्र होते. युरोपातील शल्यविशारदांनी ते मानले, अनुकरण केले, कारण त्यांच्यापुढे निकाल होता.

कार्यकर्त्याला यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही. आपल्या गावात, आपल्या प्रभागात अशी शस्त्रक्रिया झालेली मुले किती, त्यांतील पाच वर्षांपुढची किती आणि त्यांचे बोलणे परक्या माणसाला समजते का, एवढे एका वहीत लिहिता येते. ज्याचे समजत नाही, त्याच्या आई-वडिलांना बसभाडे देऊन वाचोपचारतज्ज्ञाकडे नेता येते. उच्चारांचे शिक्षण आठवड्यांचे नव्हे, महिनोन्‌महिन्यांचे असते. घरी रोज सराव करून घेणारे कोणी तरी लागते. सायंकाळी शाखेवरून परतणाऱ्या तरुणाला आणि दुपारच्या वेळी मोकळ्या असणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला ते सहज जमण्यासारखे आहे.