मोजणी हप्त्याची, घराची नव्हे

चाकूर तालुक्याच्या खेड्यापाड्यांत प्रधानमंत्री आवास योजनेतून उभे राहणारे प्रत्येक घरकुल आज उपग्रहाच्या साक्षीने उभे राहते. ग्रामीण गृहनिर्माण अभियंता मोबाइल घेऊन जागेवर जातो, जोत्यापासून छतापर्यंतच्या टप्प्यांची छायाचित्रे ‘आवास अ‍ॅप’वर चढवतो, छायाचित्रासोबत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि त्या आधारे पुढचा हप्ता लाभार्थ्याच्या खात्यात जमा होतो. एकाच घराचे पैसे दोनदा उचलणे किंवा दुसऱ्याची भिंत आपली म्हणून दाखवणे यामुळे पुष्कळ अवघड झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मात्र इतक्या वेळा जागेवर जाणारी ही यंत्रणा एक साधा प्रश्न कधीच विचारत नाही. वैशाखातल्या दुपारी या घरात म्हातारे माणूस आणि तान्हे मूल बसू शकेल काय?

या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देण्याची विद्या आपल्याकडे नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ च्या डिसेंबरात निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॉटपेक्षा अधिक नसावी, छतातून होणाऱ्या उष्णतावहनाचा गुणांक १.२ च्या आत असावा, अशा मर्यादा तिने घालून दिल्या. भिंतीचे साहित्य, खिडक्यांची दिशा व आकार, छज्जांची लांबी संगणकात भरली की पाया खणण्यापूर्वीच घराचा ताळेबंद समोर येतो. ‘गृह’ ही मूल्यांकनपद्धती २००७ पासून देशात रुजली आहे. जागतिक बँक समूहातील आयएफसीचे ‘एज’ हे साधन तर कोणालाही विनामूल्य वापरता येते. वीज, पाणी आणि बांधकाम साहित्य तयार करताना खर्ची पडलेली ऊर्जा, या तिन्हींत किमान २० टक्के बचत होते की नाही, हे ते दाखवते.

मग अडले कुठे? निवास संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. ऊर्जा संवर्धन कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतींनाही कायद्याच्या कक्षेत घेतले, परंतु १०० किलोवॉट जोडभाराची अट घालून. चाकूरच्या घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, आणि विजेचा भार म्हणजे दोन दिवे, एक पंखा. म्हणजे ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्याच्या घराची उष्णता आपण काटेकोरपणे मोजतो आणि ज्याच्याकडे भिंतीवाचून दुसरा आसरा नाही त्याच्या भिंतीकडे पाहायला सवड नाही. पुण्या-मुंबईच्या संकुलांच्या प्रवेशद्वारी मिरवणाऱ्या हिरव्या प्रमाणपत्रांबद्दल आमची तक्रार नाही. पण ही विद्या तिथेच थांबावी, हे पटणारे नाही.

लातूर जिल्ह्याला तर घर या विषयाचा धडा फार मोठी किंमत मोजून मिळाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना, किल्लारीच्या परिसरातील घरे कोसळली आणि हजारो माणसे त्यांखाली गेली. ती घरे आपल्या माळवदाचीच होती. दोन-अडीच फुटांच्या, कुठे त्याहूनही रुंद दगडी भिंती, बाहेरचा आणि आतला असे दगडांचे दोन थर, मध्ये माती आणि चिपा, वर लाकडी तुळया, फळ्या आणि पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात त्या घरांइतके सुखाचे घर नव्हते. दिवसाचा ताप भिंत ओलांडून आत यायला रात्र उजाडायची. परंतु भिंतीच्या दोन थरांना आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते आणि गळती थांबवण्यासाठी माळवदावर वर्षानुवर्षे मातीची भर पडून छत जड झाले होते. धक्का बसताच भिंतीचे दोन थर फाकले आणि छत खाली आले.

त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोठे पुनर्वसन झाले. ५२ गावे नव्या जागी वसली, घरे भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली. ते आवश्यकच होते. पण दगडाविषयी माणसांच्या मनात जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. मराठवाडाभर नवे घर म्हणजे पातळ भिंत आणि वर उघडा स्लॅब किंवा पत्रा, असे समीकरण झाले. अशा उघड्या स्लॅबचा उष्णतेचा गुणांक संहितेच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरतो. पत्र्याबद्दल तर बोलायलाच नको. घर सुरक्षित झाले आणि भट्टीही झाले. वास्तविक भारतीय मानक संस्थेचे आयएस १३८२८ हे मानक, ज्यात दगडी बांधकाम भूकंपाला कसे टिकवावे ते सांगितले आहे, त्याच १९९३ सालचे आहे. आडवे पट्टे, आरपार दगड, हलके छत, एवढ्याने जुन्या घराचा दोष जातो आणि गारवा राहतो. हा मध्यममार्ग गवंड्यापर्यंत पुरेसा पोहोचलाच नाही.

इथे साधनांची मर्यादाही सांगितली पाहिजे. १९९३ साली किल्लारी भूकंपाच्या अधिकृत नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ मध्ये तो विभागच रद्द करून तिला तिसऱ्या विभागात टाकावे लागले. आकडा संगणकातून आला म्हणून बरोबर ठरत नाही. काळ्या, फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जमिनीवर पाया कसा चिरतो, हे तिथला जुना गवंडी सांगेल ते आराखड्यात आधी आले पाहिजे.

पाण्याचा हिशोब तर हाताच्या बोटांवर होतो. २५ चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस पडला तर १८,७५० लिटर पाणी येते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी १५,००० लिटर उरते. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर धरले तर वर्ष निघते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची जी पहिली रेल्वे आली तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. घरकुलांच्या तेहेतीस-चौतीस छतांवरून दर पावसाळ्यात तेवढेच वाहून जाते. हौदाला पैसा लागतो, हे खरे. पण पन्हळ लावून ते पाणी विंधन विहिरीशेजारी मुरवायला फारसा खर्च नाही.

कोणी म्हणेल, १ लाख २० हजारांच्या अनुदानात भिंती उभ्या करतानाच कुटुंब कर्जात जाते, त्यात या नव्या अटी कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे की, या मोजणीचा हप्त्याशी संबंध जोडू नये. आपल्याकडे तपासणीचे रूपांतर अडवणुकीत व्हायला वेळ लागत नाही. मोजणी बांधकामाच्या आधी हवी. मंजुरीच्या वेळी जागेचे छायाचित्र घेतले जातेच. त्याच वेळी घराचे तोंड कुठे, पश्चिमेला झाड आहे का, भिंत कशाची, छत कशाचे, एवढी चार-पाच उत्तरे भरली की ‘इथे छज्जा दीड फूट ठेवा, खिडकी समोरासमोर घ्या, छताला पांढरा लेप द्या’ असा सल्ला मराठीत त्या कुटुंबाच्या मोबाइलवर यावा. ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्लीच्या साहाय्याने प्रदेशानुरूप घरांचे आराखडे ‘पहल’ या संग्रहात आधीच एकत्र केले आहेत. पांढऱ्या छताचा प्रयोग अहमदाबादेत झाला आहे आणि तेलंगणाने २०२३ मध्ये त्याचे स्वतंत्र धोरण जाहीर केले आहे. महाराष्ट्राला यातले काहीही नव्याने शोधायचे नाही.

सुरुवात चाकूर पंचायत समितीला स्वतःच्या बळावरही करता येईल. घरकुलांच्या पुढच्या यादीतील एका गावाची निवड करावी, अभियंत्यासोबत तिथल्या दोन अनुभवी गवंड्यांना बसवावे, आणि निम्म्या घरांच्या छताला चुन्याचा लेप देऊन सर्व घरांत साध्या तापमापकाने मे महिनाभर दुपारी तीनची नोंद ठेवावी. लेप मार्चअखेर व्हायला हवा आणि पन्हळ मृगाआधी.