पिशवीतले कलम आणि पिशवीतला रोग

पावसाळा तोंडावर आला की वरूड, मोर्शी, शेंदुरजनाघाटकडून संत्र्याच्या कलमांनी भरलेल्या गाड्या निघू लागतात. पऱ्हाटी आणि ज्वारीत हात पोळलेला शेतकरी, विहिरीला जरा पाणी लागले की दोन एकर संत्रा लावायचे मनात आणतो. त्याच्या या विचाराला आम्ही नावे ठेवत नाही. पण हिशेबातला एक आकडा तो धरत नाही. पऱ्हाटीचे बियाणे फसले तर एक हंगाम जातो. कलम फसले तर पाच-सहा वर्षे जातात, आणि फसलो हे कळते ते बहार धरायच्या वेळी. सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी २७७ झाडे बसतात. त्यांची खरी किंमत नर्सरीवाल्याला मोजलेले पैसे नव्हे. खड्डे, खत, ओलीत, राखण आणि त्या जमिनीत एवढी वर्षे न घेतलेला कापूस, ही ती किंमत.

हा रोग येतो कोठून? खुंटासाठी आपण जंबेरी किंवा रंगपूर लाईमची बी टाकतो. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे झाड संपवणारे रोग बीतून येत नाहीत. म्हणजे रोप जन्माला येते तेव्हा बहुधा निरोगीच असते. रोग त्याला आपण लावतो: मातीतून, पाण्यातून, डोळ्यातून आणि चाकूतून.

सर्वांत जास्त घात मातीने होतो. डिंक्या आणि मूळकूज यांच्या मागे फायटोफ्थोरा नावाची बुरशी असते. तिचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. काळी चिकण माती पिशवीत भरली, खाली भोके नीट पाडली नाहीत, वरून रोज पाणी ओतले, की या बुरशीला दुसरे काही लागत नाही. त्यातही जुन्या संत्र्याच्या बागेतली माती खणून पिशव्या भरणारे महाभाग आहेत. त्यांना काय म्हणावे?

यावर उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. आपल्या पिकांना जाळणारे विदर्भाचे ऊन इथे कामाला लावता येते. माती, रेती आणि पूर्ण कुजलेले शेणखत सारखे घेऊन मिसळावे, ओले करावे, फूटभर उंचीचा थर पसरावा आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबून टाकाव्यात. एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे ते तसेच राहू द्यावे. आत जी आच तयार होते तीत बुरशी, सूत्रकृमी आणि तणाचे बी बऱ्याच अंशी मरते. अशा मातीने भरलेल्या पिशव्या पुन्हा उघड्या जमिनीवर मांडल्या तर मेहनत पाण्यात गेली. खाली विटा किंवा गिट्टीचा थर हवा. पाणी विहिरीचे द्यावे, बागेतून वाहून आलेल्या नाल्याचे नको. बोट मातीत घालून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

पान पिवळे दिसले की युरियाची चिमूट टाकायची आपल्याकडे खोड आहे. आधी मूळ पाहा. निरोगी तंतुमूळ पांढुरके आणि घट्ट असते. कुजलेल्या मुळीची साल दोन बोटांत धरली की मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा उरतो. अशा रोपाला युरिया काय करणार! लागण नुकती असेल तर मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम घेऊन मुळाशी ओतावे. पण सडलेली मुळे औषधाने परत येत नाहीत. असे रोप पिशवीसकट काढून जाळलेले बरे.

ग्रीनिंगला तर औषधच नाही. तो डोळ्यातून येतो आणि कोवळ्या नवतीवर बसणारी सायला पसरवते. म्हणून डोळे रोगमुक्त म्हणून तपासलेल्या मातृवृक्षाचेच हवेत आणि प्रत्येक नवतीवर लक्ष हवे. पाच टक्के निंबोळी अर्क आपल्याला कापसावरून माहीत आहेच. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना चाकू ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचा, एवढे साधे काम किती जण करतात?

नागपूरची लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था १९८५ पासून आहे, आणि प्लास्टिक ट्रे व पिशव्यांत रोगमुक्त कलमे तयार करायची पद्धत तिने बसवून दिली आहे. फळरोपवाटिकांच्या परवान्याचा कायदा तर १९६९ चा. पण परवान्याची पाटी मुळे तपासत नाही. म्हणून आमची मागणी साधी आहे. गाडी भरण्याआधी ढिगातल्या आपण निवडलेल्या दोन-तीन पिशव्या विकणाऱ्याच्या खर्चाने फोडायच्या, मुळे पाहायची. खुंट कोणता आणि डोळे कोठले हे पक्क्या बिलावर लिहून घ्यायचे. डोळा जमिनीपासून नऊ इंच तरी वर बांधलेला असावा. नर्सरीवाला पिशवी फोडू देत नसेल तर भाडे अंगावर घेऊन रिकामी गाडी परत आणावी.

ज्या गावात विहिरीला बारमाही पाणी आहे तिथे आठ-दहा जणांनी मिळून कलमे घरीच का करू नयेत? बी टाकल्यापासून दीड-दोन वर्षे लागतात. जंबेरीची बी वाळली की उगवत नाही, तेव्हा आधी माती तापवून तयार ठेवावी आणि मगच फळे फोडावीत.