नोंदवहीतले विज्ञान

फेब्रुवारीचा अखेरचा आठवडा आला की रायगडच्या किनारपट्टीवरील शाळांमधून एकच लगबग सुरू होते. पुठ्ठे, रंग, पंपाच्या नळ्या आणि बॅटरीवरचे दिवे यांची जमवाजमव होते. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी लागलेल्या रामन परिणामाच्या शोधाचे स्मरण म्हणून १९८७ पासून हा दिवस देशभर ‘राष्ट्रीय विज्ञान दिन’ म्हणून साजरा होतो. प्रदर्शनाची फीत कापली जाते, पाहुण्यांचे भाषण होते. मातीच्या ज्वालामुखीतून खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस उसळतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी तो ज्वालामुखी कपाटावर जाऊन बसतो. ज्या काळ्या कातळावर त्या शाळेची इमारत उभी असते, तो स्वतःच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थर आहे, हे सांगायचे मात्र बहुधा राहून जाते.

यात शिक्षकांच्या कष्टांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. मर्यादित साधनांत एवढा खटाटोप करणे सोपे नसते. प्रश्न वेगळाच आहे. प्रतिकृती बनवताना मुलाला उत्तर आधीच ठाऊक असते. फेस उसळणार हे त्याने काल करून पाहिलेले असते. विज्ञानाचा आरंभ मात्र उत्तर ठाऊक नसण्यापासून होतो आणि त्याचा बराचसा काळ कंटाळवाण्या, चिकाटीच्या नोंदींमध्ये जातो. ही गोष्ट या किनाऱ्याइतकी स्पष्टपणे सांगू शकेल असे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचे उदाहरण घ्यावे. मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे घेतली जात होती. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले आणि त्या प्रवाहामुळे वेधशाळेतील नाजूक सुया बिघडणार, हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी पर्यायी जागा शोधली, ती अलिबागची. १९०४ मध्ये येथे नोंदी सुरू झाल्या. एका कुलाब्यातून उठलेली वेधशाळा दुसऱ्या कुलाब्यात आली, कारण आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा जिल्हाच होता! मूस यांचा खरा मोठेपणा पुढेच आहे. त्यांनी मुंबईतील नोंदी एकदम थांबवल्या नाहीत. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली गेली. जुन्या आणि नव्या जागेतील फरक नेमका कळावा आणि मागच्या पिढीचे काम वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हा दुहेरी खर्च आणि दुहेरी श्रम. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. तोवर अलिबागची घडी बसलेली होती. १९७१ पासून ही वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे आणि त्या संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

या नोंदींचा उपयोग काय, असे एखादा पालक विचारील. त्याचेही उत्तर आहे. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे कोलमडली. त्या वेळी कुलाब्यात सुईच्या नोंदी हाताने, डोळ्यांनी पाहून घेतल्या जात. सुई अस्वस्थ झाली की त्या अधिक दाट घेतल्या जात. त्या दिवशी कुलाब्यातील चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे वहीत उतरले. ज्याने ते आकडे लिहिले त्याला आपण काय टिपतो आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. तब्बल १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील आणि परदेशांतील शास्त्रज्ञांनी त्याच नोंदींच्या आधारे त्या वादळाची तीव्रता ठरवली. आज उपग्रह आणि वीजजाळे सांभाळणाऱ्यांना ‘याहून वाईट काय होऊ शकते’ याचा अंदाज बांधताना त्या वादळाचीच आठवण काढावी लागते. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हान्लेचे आकाश लालसर झाले तेव्हाही १८५९ शी तुलना झालीच.

अलिबागला सहलीने येणारी किती कुटुंबे ही हकिकत जाणतात? समुद्रकिनारा, घोडागाडी, किल्ला आणि मासळीचे जेवण एवढ्यात दिवस संपतो. वेधशाळेचे काम लोखंड आणि वीज यांपासून दूर राहून चालते, त्यामुळे तेथे रोज झुंडी नेणे योग्यही नाही. परंतु एक सुई पाण्यावर पानात तरंगवून ती कोणत्या दिशेला स्थिरावते हे वाळूत बसून पाहायला कोणाची परवानगी लागत नाही.

किनाऱ्यावरची खरी प्रयोगशाळा समुद्राची आहे. कोकणातील जुन्या माणसांना भरतीची वेळ काढण्याचा एक हिशेब ठाऊक असतो. तिथीला पाऊणपटीने गुणावे, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. घड्याळ आणि पंचांग यांची ही जोडी कुतूहलाने ऐकली जाते, तिचे कौतुकही होते. पण ती तपासून कोण पाहतो? हिशेबाने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला यायला हवी. पाणी मात्र पुन्हा बाराच्या सुमारास येते. कारण बारा तास पंधरा तिथींवर वाटले तर एका तिथीला पंचेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस मिनिटे येतात. तीन मिनिटांची ही चूक रोज साठत जाते. प्रत्यक्षात रोजचा फरकही सारखा नसतो. उधाणाच्या सुमारास तो कमी, भांगाच्या सुमारास जास्त असतो. तोंडी हिशेबासाठी पाऊणपट सोयीची, म्हणून ती टिकली. सातवीतल्या मुलाला एका पंधरवड्यात हे स्वतःहून सापडू शकते. त्यासाठी रंगाने खुणा केलेला एक बांबू, एक घड्याळ आणि भिंतीवरचे पंचांग पुरते. कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीच्या वेळी पायी जाता येते. ही वेळ कोणत्या तिथीला केव्हा येते आणि अष्टमीला पाणी अमावास्येइतके मागे का हटत नाही, हे ज्या मुलांनी मोजले त्यांना चंद्र-सूर्यांच्या ओढीचा धडा पाठ करावा लागणार नाही.

परंपरेचा विषय निघाला की एक सवय आडवी येते. ‘हे सारे आपल्याकडे होतेच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. होते, हे खरेच. कात्यायन शुल्बसूत्रात शंकू रोवून दिशा निश्चित करण्याची रीत दिलेली आहे. शंकूभोवती वर्तुळ काढायचे, सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते तेथे खुणा करायच्या आणि त्या जोडायच्या. ती रेषा पूर्व-पश्चिम. पण ज्या घरात कोणी अंगणात एकदाही काठी रोवली नाही, त्या घरातला हा अभिमान किती खोल असेल? अलिबागच्या अक्षांशावर मेच्या मध्यावर एके दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस तसा दुसरा दिवस येतो, पण तो ढगांत हरवतो. मेमध्ये शाळांना सुटी असते, म्हणजे तो दिवस कुटुंबांनीच साधायचा. नेमक्या त्याच दिवसांत मुंबई-ठाण्याची मुले आजोळी आलेली असतात. दुपारी साडेबाराच्या उन्हात त्यांना पाच मिनिटे अंगणात उभे करणे एवढेच काम आहे. आजी रागावेल, ते सोसावे.

पक्ष्यांचेही असेच. सालिम अली १९३० मध्ये नोकरी गेल्यावर किहीमला राहिले. त्या पावसाळ्यात त्यांनी शेजारच्या झाडावरील सुगरणींची घरटी शिडीवर आडोसा करून दिवसेंदिवस न्याहाळली आणि नर घरटे विणतो, मादी ते निवडते, मग नर दुसऱ्या घरट्याला लागतो, ही वहिवाट उलगडली. बाणकोट खाडीपलीकडे वेळासला कासवांचा महोत्सव भरतो आणि वाळूत धावणारी पिल्ले पाहायला गर्दी लोटते. हरिहरेश्वर, दिवेआगरच्या वाळूतही ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. घरट्यांची, अंड्यांची, बाहेर पडलेल्या पिल्लांची मोजदाद गावातील तरुण पहाटे उठून करतात. पाहुणा छायाचित्र काढून परततो. त्याच्या मुलाने एक दिवस जरी ती मोजदाद केली, तरी त्या प्रवासाचे पैसे वसूल झाले म्हणावेत.

१९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेची मूळ कल्पना हीच होती. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी गटाने, शिक्षकाच्या सोबतीने, आपल्या परिसरातला एक प्रश्न घ्यावा आणि मोजमाप करून त्याचे उत्तर शोधावे. पण कोणताही उपक्रम प्रमाणपत्रापुरता उरला की त्यातली चिकाटी प्रथम जाते. पाचवीपासून परीक्षांच्या शिकवण्या लावणाऱ्या पालकांनी याचा दोष केवळ शाळांवर टाकू नये.

अभ्यासक्रम पुरा करताना शिक्षकांची दमछाक होते आणि वर अशैक्षणिक कामे असतात, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच विज्ञान दिनाला आणखी एक कार्यक्रम जोडण्याऐवजी, किनाऱ्यावरच्या एखाद्या शाळेने फक्त एक वही सुरू करावी: तारीख, तिथी, भरतीची वेळ, बांबूवरचा आकडा, लिहिणाऱ्याचे नाव. दहावीची तुकडी बाहेर पडताना ती पाचवीच्या हाती द्यावी. सुटीत ती कोणाकडे राहील हे मात्र आधी ठरवावे लागेल. मे महिन्याची पाने कोरी राहिली, तर पुढच्या जूनमध्ये त्यांची भरपाई करता येत नाही.